चाळीस अंगठे

हे मी माझ्या माणसांपैकी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, जिच्याबरोबर रोज संध्याकाळी घाटावर बसते त्या मैत्रिणीलाही नाही. सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सांगण्याची वेळ आली नाही असं नाही — आली, आणि मी विषय बदलला. विषय बदलण्यात मी तरबेज आहे. आताही बघा ना, मुख्य गोष्ट सोडून मी तुम्हाला बाकीचंच सांगत बसले आहे.

पण या वेळी सांगायचं ठरवलं आहे. रडायचं नाही, सजवायचं नाही. जे केलं ते तसंच्या तसं.

मी बनारसची. आमचं घर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. कॉलेजात भूगोल शिकवते. नदीकाठची जनावरं आणि ती पाळणारी माणसं हा माझा विषय. त्यावर चार जण माझं ऐकतात, बैठकांना बोलावतात, नावापुढे डॉक्टर लावतात. हे सगळं मला कशामुळे मिळालं? एका सर्वेक्षणामुळे. त्याचीच ही गोष्ट आहे.

तुम्ही बनारसला आला असाल तर नदीचे दोन काठ पाहिले असतील. आमचा काठ उंच आणि टणक. म्हणून तर त्यावर घाट बांधता आले, देवळं उभी राहिली, आमच्यासारख्यांची घरं एकावर एक चढली. समोरचा काठ म्हणजे सपाट रेती. पावसाळ्यात आमच्याकडे पाणी वाढलं की लोक गच्चीवर उभं राहून पायऱ्या मोजतात — काल चार बुडाल्या, आज सात. समोर मोजायला पायऱ्याच नाहीत. तिथे पाणी हातभर चढलं की कोसभर पसरतं.

शहर मागे टाकून नदी पुढे जाते तिथे तिच्या दोन धारा होतात. मधली जमीन ती ढाब. तिथे चाळीस घरांची एक वस्ती आहे. तिचं नाव मी लिहीत नाही. त्या लोकांच्या नावाचं मी आधीच पुरेसं वाटोळं केलं आहे.

त्या वर्षी एका संस्थेत मला पहिली नोकरी लागली होती. ढाबावरच्या लोकांचं दारिद्र्य हटवायचं म्हणून त्यांना संकरित गाई द्यायची योजना होती, आणि गाई द्यायच्या आधी घरोघर जाऊन फॉर्म भरायचे होते. मे महिन्यात मी वस्ती बघायला दोन दिवस गेले. नदीवर तेव्हा पीपापूल होता — लोखंडी पिंपांवर फळ्या टाकलेला तरंगता पूल. पावसाळ्याआधी तो काढतात आणि दिवाळीनंतर पुन्हा जोडतात. मधले महिने नाव हाच रस्ता.

वस्तीत मला फुलमती भेटली. चाळिशीची असेल. तिच्या चार म्हशी होत्या. शिवाय सगळ्या वस्तीचं दूध तिच्या कढईत यायचं, ती त्याचा खवा करायची आणि तो शहरातल्या मिठाईवाल्यांकडे जायचा. मी मराठी आहे हे कळल्यावर तिनं मला ‘मरठिन बिटिया’ म्हणायला सुरुवात केली. दोन दिवस ती मला घेऊन उन्हातून फिरली.

खरं सांगते, त्या दोन दिवसांत मी जे शिकले तेच आजही शिकवते. म्हैसच का? — कारण म्हैस पोहते. पाणी चढलं की तिचं दावं सोडायचं, ती आपणहून उंचवट्याची वाट धरते. म्हैसच का? — कारण रेतीवरचं चरबरीत गवत ती खाते. खवाच का? — कारण नाव दोन दिवस सुटली नाही तर दूध नासतं, खवा टिकतो, आणि म्हशीच्या दाट दुधाचाच खवा चांगला पडतो. शेत नदी कधी घेईल सांगता येत नाही. या वर्षी इथे असलेला बांध पुढच्या वर्षी पाण्याखाली असतो. म्हणून माणसाजवळ जे काही असेल ते स्वतःच्या पायांनी चालणारं हवं. हे सगळं फुलमतीनं मला खुरप्याच्या टोकानं रेतीत रेघा ओढून समजावलं. मी नंतर त्याचे तक्ते केले.

तिच्या गोठ्यात उभं राहून मी विचारलं होतं, “इथे पाणी येतं?”

“पानी त हर साल आवेला, बिटिया.” पाणी तर दरवर्षी येतं. तिनं कमरेला हात लावून दाखवलं. मग म्हणाली, पंधरा दिवस राहतं, कधी वीस. मी तसं लिहून घेतलं. तिनं फॉर्मवर अंगठा दिला. तो एकच फॉर्म खरा होता.

संस्थेतल्या काही कामांमुळे उरलेले फॉर्म लांबत गेले. जून संपला. पीपापूल काढला गेला. जुलैत साहेबांनी सांगितलं, महिनाअखेर चाळीसही फॉर्म टेबलावर हवेत. मी नदीवर गेले. नाव लागलेली होती, आठ-दहा माणसं, दोन सायकली आणि एक शेळी चढली होती. पाणी गढूळ आणि जोराचं. नावाड्यानं हात पुढे केला. मी म्हटलं, उद्या येते.

उद्या मी गेले नाही. परवाही नाही.

मला पाण्याची भीती वाटत होती का? वाटत होती. पण त्या नावेत त्या दिवशी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांनाही वाटत असणार. भीती हे कारण नाही, ती फक्त तेव्हा तिथे होती.

मी घरी बसून फॉर्म भरले. आमच्या वरच्या खोलीत, खिडकीशी, दिवसाढवळ्या. नावांची यादी माझ्याजवळ होती. कुणाकडे किती जनावरं हे फुलमतीनं मे महिन्यात तोंडी सांगितलं होतं, ते वहीत होतं. बाकी मी ठोकून दिलं. त्यात एक प्रश्न होता — पावसाळ्यात गोठ्यात पाणी शिरतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर सरळ पुढच्या प्रश्नावर जायचं. ‘हो’ असेल तर मागचं अख्खं पान भरायचं: पाणी किती दिवस, किती खोल, तेव्हा जनावरं कुठे नेता, त्यांना खायला काय घालता. आणि त्या घरी महिन्याभरात दुसरी फेरी मारून मोजमाप घ्यायचं.

मी ‘नाही’वर खूण केली. एकोणचाळीस वेळा.

पुढे कधीतरी मी स्वतःची समजूत घातली की ‘हो’ लिहिलं असतं तर बिचाऱ्यांना गाई मिळाल्या नसत्या, म्हणून मी तसं केलं. हे खोटं आहे. त्या खिडकीशी बसून मला त्यांच्या गाईंचा विचार एकदाही आला नव्हता. मला ते मागचं पान भरायचं नव्हतं, इतकंच.

मग उरला फुलमतीचा फॉर्म. एकोणचाळीस ‘नाही’ आणि एक ‘हो’ — साहेबांनी लगेच विचारलं असतं. मी तिचा फॉर्म फाडला आणि नवा लिहिला. त्यावरही ‘नाही’.

अंगठे राहिले होते. आई स्वयंपाकघरात होती. मी शाईचं पॅड उघडलं आणि माझा अंगठा लावला. मग डावा. मग एकेक बोट, कधी सरळ, कधी तिरपं, कधी जोर देऊन पुसट केलेलं. दहा बोटं, चाळीस माणसं. त्यांतल्या काही जणांना सही करता येत असेल हे माझ्या मनात आलं होतं — पण चाळीस अक्षरं कोण बदलणार? मी सगळ्यांना अंगठा दिला. आईनं जेवायला हाक मारली तेव्हा माझी बोटं निळी होती. ती म्हणाली, किती ग काम करतेस. मी हात धुवायला गेले.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. सोळा वर्षं लपवलेला. मीही बरेच दिवस तसंच मानत होते — तरुण वय, पहिली नोकरी, कंटाळा, भीती. तेवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी हसत हसत सांगूनही टाकलं असतं.

पण पुढे जे झालं ते असं.

थंडीत, पूल जोडल्यावर, गाई आल्या. चौदा घरांना दोन-दोन. योजनेची अट होती की गोठ्यात सिमेंटचा कोबा हवा. फुलमतीनं तीन म्हशी विकून कोबा केला, वर पत्रा घातला. मी उद्घाटनाला गेले होते. तिनं गाईच्या पाठीवरून हात फिरवत मला विचारलं, “हिला पोहता येतं का ग?” मी म्हटलं, येत असेल. सगळे हसले, मीही हसले. ती हसली नाही. म्हणाली, “साहेबांना माहीत आहे ना, इथे पाणी येतं ते? तू सांगितलंस ना?” मी हो म्हणून मान हलवली.

तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. पाणी यायला अजून आठ महिने होते.

उन्हाळ्यात गाई धापा टाकू लागल्या. दूध पातळ, त्याचा खवा धड पडेना, आणि पावसाळ्यात पूल गेल्यावर गाईंचं दूध न्यायला येणारी गाडी पलीकडच्या काठावरूनच परत जाऊ लागली. पुढे भाद्रपदात पाणी आलं. दरवर्षी येतं तसं, कमरेइतकं. वस्तीतल्या म्हशी सोडल्या तशा पोहत उंचवट्यावर गेल्या. गाई कोब्यावर पोटापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. काहींचे खूर सडले. काही उंचवट्याकडे नेताना धारेत वाहून गेल्या. अठ्ठावीसपैकी सात वाचल्या. फुलमतीच्या दोन्ही गेल्या. एकीचं दावं तिच्या नवऱ्याच्या हाताला गुंडाळलेलं होतं. तो वाचला, पण त्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत.

लोकांनी भरपाई मागितली. चौकशी लागली. ब्लॉकच्या दफ्तरात, म्हणजे तालुक्याच्या कचेरीत, भर दुपारी, एका लांब टेबलामागे दोन अधिकारी बसले होते, बाजूला खुर्चीवर मी. वस्तीच्या वतीनं फुलमती आली होती, कारण बोलायला तीच धीट. बाकीचे चार-पाच जण दाराबाहेर उभे होते.

अधिकाऱ्यानं फॉर्म वर धरला. म्हणाला, तुम्हीच लिहून दिलं आहे की पाणी येत नाही. आता म्हणता दरवर्षी येतं. गाईंच्या लोभानं खोटं सांगितलंत ना?

फुलमतीला वाचता येत नव्हतं. पण तिनं कागद हातात घेतला, खालचा ठसा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि स्वच्छ म्हणाली, “ई अंगूठा हमार ना हौ, साहेब.”

दोघंही हसले. मग त्यांतला एक माझ्याकडे वळला. “मॅडम, आपके सामने लगा था?”

हीच ती जागा आहे. इथे येण्यासाठीच मी इतकं लांबून फिरून आले. फुलमती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता — सुटका होती. तिला वाटलं, झालं, आता ही सांगेल.

मी म्हटलं, “जी. मेरे सामने लगा था.”

आणि तेवढ्यावर थांबले नाही. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी म्हटलं, “मी हिला दोनदा विचारलं होतं. ही दोनदा नाही म्हणाली.”

हे दुसरं वाक्य का बोलले? पहिल्यानं माझी नोकरी वाचली होती. दुसऱ्याची गरज नव्हती. मी त्यावर खूप विचार केला आहे आणि मला एकच उत्तर सापडतं — ती माझ्याकडे ज्या विश्वासानं बघत होती ते मला सहन होईना. तो विश्वास मला तिथल्या तिथे संपवायचा होता. तो मी संपवला.

भरपाई कुणालाच मिळाली नाही. कागदावर लिहिलं गेलं की वस्तीनं माहिती लपवली. दाराबाहेरच्यांनी एवढंच ऐकलं की फुलमती दोनदा ‘नाही’ म्हणाली. त्यांना आपापले फॉर्म कुणी दाखवलेच नव्हते, तेव्हा तिनंच सगळ्यांच्या वतीनं तसं सांगितलं असं त्यांनी धरलं. मला नोकरीत कायम केलं. त्याच कामावर मी प्रबंध लिहिला. त्यात म्हशींचं सगळं खरं आहे, पाण्याचंही खरं आहे — फुलमतीचं नाव मात्र कुठेही नाही.

या वर्षी एका नव्या सर्वेक्षणासाठी मला प्रशिक्षण द्यायला बोलावलं. समोर तीस जण, हातात टॅब. एका बाईनं हात वर करून विचारलं, “मॅडम, एखाद्या घरी पोचताच आलं नाही तर काय लिहायचं?”

मी सहज म्हणाले, “काही लिहू नका. जागा कोरी ठेवा आणि खाली लिहा — जाता आलं नाही.”

इतकं सोपं होतं? जाता आलं नाही. तेव्हा हे मला कुणी लिहू दिलं नसतं का? साहेब फार तर रागावले असते. मी पाणी प्यायले, सत्र पूर्ण केलं, घरी आले आणि टेबलाशी बसून सगळं लिहून काढलं.

ते निवेदन मी ब्लॉकच्या दफ्तरात दिलं. बाबू म्हणाला, इतक्या जुन्या फायली आता सापडणार नाहीत, कशाला त्रास करून घेता. मी चार वेळा गेले. चौथ्या वेळी त्यानं शिक्का मारून पोच दिली. एक प्रत कॉलेजात प्राचार्यांना दिली. त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, याचा परिणाम तुम्हाला कळतो ना? कळतो. आता तिथे काय व्हायचं ते होईल. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की हाच कागद त्याच्या हातात देणार आहे.

मग मी ढाबावर गेले. हिवाळा होता, पीपापूल होता, चालत गेले.

फुलमती झोपडीसमोर गवत कापत होती. केस पांढरे झालेले, गुडघे वाकलेले. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. मुलगा सुरतेला असतो. गोठ्यात म्हैस नव्हती. ती दुसऱ्याच्या शेळ्या पाळते, करडं झाली की त्यांतली निम्मी तिची. तिची कढई मला कुठे दिसली नाही. त्या चौकशीनंतर वस्तीनं तिच्याकडे दूध घालणं बंद केलं, हे मला वाटेतच कळलं होतं.

मी उभ्यानंच सांगितलं. सगळं. फॉर्म फाडला तो, बोटं लावली ती, आणि दफ्तरातलं ते दुसरं वाक्य. तिनं विळा थांबवला नाही. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, “हमसे काहे कहत हऊ? हमके त मालूम हौ.”

मला का सांगतेस, मला तर माहीतच आहे. खरंच की — तिचा अंगठा कुठे लागला नव्हता हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिनं विळ्यानं वस्तीकडे खूण केली. “त्यांना सांग.”

पाकडाच्या झाडाखाली माणसं जमली. बायका मागे, कुणाच्या डोक्यावर भारा तसाच. फुलमती माझ्या शेजारी नाही, समोर बसली, बाकीच्यांत. तिच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी जागा मोकळी राहिली.

मी बोलायला लागले. आवाज पडू द्यायचा नाही असं ठरवून आले होते. मी सांगितलं की ही बाई एकदाही ‘नाही’ म्हणाली नव्हती. पाणी येतं हे तिनं मला मे महिन्यातच सांगितलं होतं. खोटं मी लिहिलं, ठसे माझ्या बोटांचे होते, आणि दफ्तरात हिला खोटं मी पाडलं.

मग बेचन नावाचे एक म्हातारे काठीच्या आधारानं उठले. त्यांची दोन्ही जनावरं तेव्हा धारेत गेली होती. मला वाटलं, गाईंचं विचारतील.

“माझ्या नावापुढेही तू अंगठाच लावलास?”

मी हो म्हटलं.

“हम त दस्तखत करीला,” ते म्हणाले. मी तर सही करतो. पाचवीपर्यंत शिकलोय. आणि ते तिथून निघून गेले.

मागे कुजबुज सुरू झाली. एक बाई दुसरीला विचारत होती, काय म्हणाली, कुणी लावले अंगठे? दुसरीनं भलतंच काहीतरी सांगितलं. फुलमतीनं मान वळवून मागे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तनी जोर से बोला,” ती म्हणाली. “पीछेवालन के सुनात ना हौ.”

मी घसा साफ केला आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.